तिकडची काच

नव्याने लेखणी हाती धरण्याचे माझे वय केव्हाच मागे पडले. उभ्या आयुष्यात बोर्डीच्या शाळेत मुलांचे निबंध तपासले. स्वतः एकही लिहिला नाही. तेव्हा हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. परंतु आमचे शेजारी गोपाळभाऊ यांच्याविषयी दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही, आणि त्यांची मोटार तर मला अजून स्वप्नात दिसते.

गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. चिकूच्या वाडीत, झावळ्यांच्या छपराखाली ती काळी मोटार गोधडी पांघरून निजलेली असे. वाघळे चिकू खाऊन वरून घाण करीत, म्हणून भाऊंच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, जुन्या लुगड्यांची ती अवाढव्य गोधडी शिवली होती. गोपाळभाऊ मोटार 'काढत' नसत, 'उठवत'. आधी हलक्या हाताने गोधडी दूर करायची, मग एकदाच भोंगा वाजवायचा आणि थांबायचे. पदराला हात पुसत वहिनी येत, डावीकडे बसत, आणि मग गाडी हाले.

"रीत म्हणजे रीत, मास्तर," भाऊ म्हणत.

मोटार दसऱ्याला घेतलेली, म्हणून तिचा विमाही दसऱ्यालाच नवा व्हायचा. डहाणूहून एजंट येई. गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबे, आणि आपट्याच्या पानांबरोबर एजंटच्या हातात हप्ता. विमा हा पूजेतलाच एक उपचार आहे, अशी भाऊंची प्रामाणिक समजूत होती.

एका कार्तिकात वहिनी गेल्या. घराने वर्ष पाळले. वर्षभर सणवार नाहीत. पुढच्या दसऱ्याला एजंट आला, तेव्हा मी भाऊंच्या ओटीवरच होतो.

"यंदा दसरा नाही," भाऊ म्हणाले.

"अहो भाऊ, विम्याला कसला दसरा? मुदत आज संपतेय!"

"गाडीसुद्धा वर्ष पाळतेय. वर्षभरात छपराबाहेर आली नाही. हार नाही तर हप्ताही नाही. जवा दो."

'जवा दो', म्हणजे सोडून द्या. हे गुजराती पालुपद आले की वाद मिटला असे समजावे. एजंट चहा पिऊन परतला.

पुढे वर्षश्राद्ध झाले. दुसऱ्याच सकाळी भाऊंनी मोटार उठवली आणि ते झरीला निघाले. चिकूसाठी बांबूच्या टोपल्या ते तिथूनच आणत. वहिनी एकेक टोपली उजेडाकडे धरून पारखत असत. झरीच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, मोटार डावीकडच्या ताडाला जाऊन भिडली. भाऊंना खरचटलेसुद्धा नाही. डावे दार चेपले आणि त्याची काच फुटली.

"दार राहू दे तसंच," ते मला म्हणाले, "पण काच बसली पाहिजे, मास्तर."

तशी काच मुंबईहून मागवावी लागणार, आणि चिकूचा हंगाम बुडालेला. सारी भिस्त विम्यावर, आणि त्याची मुदत तर सरलेली. तरीही भाऊंनी दावा लावून पाहिला.

काही दिवसांनी कंपनीचा सर्व्हेयर आला. मनुष्य सज्जन होता. दुपार सुस्तावलेली होती. भरतीची गाज वाडीत झिरपत होती.

"अपघात झाला कसा, शेठ?"

"काच चढवायला वाकलो."

"कोणती काच?"

"तिकडची. वारा गार होता."

"पण तिकडे बसलं कोण होतं?"

"कोणी नाही."

सर्व्हेयरने माझ्याकडे पाहिले. मी चिकूच्या झाडाकडे पाहिले.

जरा वेळाने तो खालच्या आवाजात म्हणाला, "शेठ, मुदत संपून फार दिवस झालेले नाहीत. अपघात दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाला, असं लिहून द्या. पुढचं मी सांभाळतो."

मला तर ती नवी काच डोळ्यांसमोर चमकताना दिसू लागली. भाऊ गोधडीच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे वर्षाच्या आत मी गाडी काढली, असं लिहायचं?"

"नुसतं कागदावर हो!"

"तो कागद ती काही वाचणार नाही," भाऊ म्हणाले. "पण सही माझी ना? तिच्या वर्षात मी हवा खात फिरलो, अशी सही? जवा दो, साहेब. चिकू खा."

दावा तिथेच संपला. सर्व्हेयर चिकूची टोपली घेऊन निघाला, आणि फाटकापर्यंत वळून वळून मोटारीकडे पाहत गेला.

काच कधीच बसली नाही. भाऊंनी गोधडीचा एक काठ उसवून त्या खिडकीला पडदा लावला. संध्याकाळी ते मोटार उठवीत. भोंगा एकदाच वाजे. ते थांबत. मग मला म्हणत, "मास्तर, मागे बसा." सुरूच्या झाडांमधून, ओहोटीने ओल्या ठेवलेल्या उजेडाकडे आम्ही तरंगत निघत असू. वारा आला की पडदा फडफडे. भाऊंचा डावा हात तो नीट खोचायला जाई, हातापाठोपाठ नजर जाई, आणि मोटार हळूहळू डावीकडे सरकू लागे.

माझ्या जागी आपण असता, तर 'समोर बघा' असे त्यांना म्हणाला असता का?