चाळीस हजार फायली कोटात नेल्याचे वर्तमान

श्री गजानन समर्थ. साहेबीं विचारिले की, आपले संकेतस्थळ मंद होते ते चपळ कैसे जाहले, ते खरे खरे लिहोन द्यावे. त्यावरोन सेवकाने जे डोळ्यांनी पाहिले आणि चहा पितां पितां जे ऐकिले ते लिहिले आहे. पदरचे घातले असेल ते थोडके. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्ष. ते समयी राज्यात रयतेच्या अर्जांचे संकेतस्थळ बांधावयाचे काम चालिले होते, दसऱ्यास ते खुले करावे ऐसा हुकूम होता, आणि कारागिरांची सरदारी अंबूताई गुळवे यांजकडे होती. रयतेस दाखविण्यापूर्वी काम घरचे घरी पारखावे म्हणोन हरएकाचे लॅपटॉपात कंटेनर नामे लहान कोट उभारिला होता, आणि त्या कोटात संकेतस्थळ चाले. चाले म्हणावे तर काय चाले, एक पान उघडावयास चाळीस सेकंद लागत. एक अक्षर बदलावे, पान उघडावे आणि हात बांधोन बसावे. मग कारागीर उठोन चहास जाऊ लागले, आणि पुढे तोच रिवाज पडला, की बटण दाबिले की चहास चलावे. काही जण तर चहाची तलफ आली की बटण दाबीत. सेवकही त्यांतलाच, खोटे कशास लिहावे.

मग दरबारात बोभाटा जाहला आणि कारखान्याचे मुख्य चिंतोपंत फडणीस यांणी अंबूताईंस बोलाविले आणि म्हणाले, "ताई, दसऱ्यास बारा दिवस राहिले आणि तुमची माणसे दिवसभर चहा पितात. परमुलखीचे मक्तेदार दारात येऊन बसलेत. साहेबांच्या मनात काम त्यांना द्यायचं आहे." अंबूताई म्हणाल्या, "पंत, दोन दिवस द्या. पान एका दमात उघडलं नाही तर सरदारीचा शिक्का स्वतः आणून देईन आणि माझी माणसं घेऊन निघेन." ऐसे बोलोन गेल्या खऱ्या, परंतु जिन्यात थांबोन त्यांणी भिंतीस हात टेकिला तो सेवकाने पाहिला. सात वर्षांची चाकरी एका पानावर टांगली होती.

पहिले दिवशी लॅपटॉपांस मेमरी वाढवोन दिली, कोट पाडोन पुन्हा बांधिले, आणि पान अडतीस सेकंदांत उघडले. दोन सेकंद जिंकिले, परंतु त्याचा नगारा कोणी वाजविला नाही. दुसरे दिवशी मक्तेदार कारखाना पाहावयास आले, म्हणोन पंतांनी वीस जणांस चहा सांगितला. आता आमचे कारखान्यात पंतांचा दंडक ऐसा, की किटली आत आणो नये, ती दारात राणोजी पहारेकऱ्यापाशी राहावी. मग राणोजी एक पेला भरी, "कोणाचा?" म्हणोन विचारी, नाव ऐकोन आत येई, पेला ठेवी, माघारी जाई, आणि दुसरा भरी. ऐसे वीस वेळा. अंबूताईंचा पेला शेवटी आला तो निवोन गेला होता. त्या म्हणाल्या, "राणोजी, अरे किटलीच आत का आणत नाहीस?" राणोजी म्हणाला, "हुकूम नाही ताई. किटली बाहेर, पेला आत." अंबूताई पेला हाती धरोन तैशाच राहिल्या, आणि मग हसो लागल्या, आणि मक्तेदार एकमेकांकडे पाहो लागले.

मग त्यांणी पंतांस सांगितले, "आपण हाताने लिहिलेल्या फायली तीनशे, आणि दुसऱ्यांच्या तयार घेतलेल्या चाळीस हजार. सगळ्या कोटाबाहेर. पान उघडायचं म्हटलं की यांतली एकेक फाईल दारावर थांबते, विचारपूस होते, मग आत येते. चाळीस सेकंद त्यातच जातात." ती वहिवाटही पंतांचीच होती. सात वर्षांमागे एक कोट पाडिला तेव्हा आतले आठवड्याचे काम त्याजबरोबर गेले, आणि पंतांनी घाबरोन हुकूम काढिला की, फाईल म्हणोन कोटात ठेवो नये, सर्व चीजवस्त डोळ्यांसमोर असावी. अंबूताई म्हणाल्या, "आपल्या तीनशे डोळ्यांसमोरच राहू द्या. तयार घेतलेल्या गेल्या तरी पुन्हा आणता येतात. त्यांच्यासाठी आत वॉल्यूम नावाचं पक्कं कोठार बांधू. कोट पाडला तरी कोठार राहतं." पंत म्हणाले, "पितृपंधरवडा चालू आहे. नवं काम काढायचं?" त्या म्हणाल्या, "नवं कुठे, पंत? किटली आत आणायची, एवढंच."

मग पंतांनी मान हलविली आणि अंबूताईंनी कोटाच्या आज्ञापत्रात दोन ओळी लिहिल्या, आणि चाळीस हजार फायली वाजतगाजत नव्हे, मुकाट्याने आत गेल्या आणि कोठारात बसल्या. पंतांनी आपले हाते बटण दाबिले, आणि जुन्या सवयीने उठोन चहास निघाले. एक पाय दाराबाहेर पडला तो अंबूताई बोलिल्या, "पंत, बसा. उघडलं." पंतांनी वळोन पाहिले, पान समोर. एक सेकंदही पुरता लागला नाही. त्यांणी पुन्हा दाबिले, पुन्हा उघडले, तिसऱ्यांदा दाबिले, तैसेच. कारागिरांनी बाके बडविली, आणि सेवकाचे डोळे भरोन आले हेही येथे लिहितो. पंत म्हणाले, "हुकूम माझाच होता. सात वर्षं तुम्हा सगळ्यांना मीच दारात उभं केलं." आणि त्या हुकुमाचा कागद त्यांणी आपले हाते फाडिला. मक्तेदार उठोन गेले, जातेवेळी चहाचा दुसरा पेला मात्र मागोन घेतला.

सारांश, दसऱ्यास संकेतस्थळ खुले जाहले, शिक्का अंबूताईंकडेच राहिला, आणि सेवकाचा चहा दिवसास नऊ पेल्यांवरोन दोहोंवर आला, त्याची हळहळ आहे ती आहे. हुकूम फाडिला त्याच दुपारी पंतांनी राणोजीस हाक मारोन सांगितले की, किटली आत आण. आणि पहिला पेला अंबूताईंस दिला, तो गरम होता.