तोरणात अडकलेली सॉरी

रामराव पाटलांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर रेल्वेचा बूट पडला तेव्हा पोळा ऐन वेशीत आला होता. समोर आंब्याच्या पानांचं तोरण, तोरणापुढे पाटलांचा राजा बैल आणि मागे सगळ्या उंबरखेड्याची बैलं. राजानं चार पावलं टाकायची, शिंगानं तोरण तोडायचं, हलगी कडाडायची आणि गावानं घरोघर पुरणपोळीवर तुटून पडायचं, एवढंच राहिलं होतं.

बूट मच्छिंद्रचा होता. मच्छिंद्र म्हणजे गोजरबाईचा भाचा, जालन्याच्या टेसनावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. गोजरबाई विधवा, कासरा धरायला घरात पुरुष माणूस नाही, म्हणून मावशीचा एकुलता एक बैल मिरवायला तो राजूरच्या रस्त्यानं चालत आला होता. निजाम सरकारच्या रेल्वेनं त्याला अंगात निळा सदरा आणि पायात लोखंडी नालाचे बूट दिले होते. ते लोकांनी बघावेत म्हणून तो पोळ्यालाही तेच घालून आला होता. मावशीचा भुऱ्या हलगीला बिचकला, आडवा सरला, मच्छिंद्र त्याच्यामागं ओढला गेला आणि बूट थेट पाटलांच्या अंगठ्यावर उतरला.

"आई गं!" पाटील ओरडले.

"सॉरी," मच्छिंद्र म्हणाला.

हलगी थांबली.

आता, कुणाला पाय लागला तर काय करायचं हे उंबरखेड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाकायचं, ज्याला लागला त्याला हात लावायचा, तो हात आपल्या कपाळाला लावायचा. समोरच्यानं "असू दे" म्हणायचं. संपलं. तोंडानं काही बोलायची रीत नव्हती. आमच्याकडं माफी मागायला कंबर लागते, जीभ लागत नाही. आणि कंबर वाकवायची नसली तर हातात काठी लागते. मधलं काही आमच्या बापजाद्यांनी ठेवलंच नाही. मच्छिंद्र मात्र वाकलाही नाही आणि त्यानं काठीही उचलली नाही. उभ्याउभ्या एक शब्द बोलला आणि पुन्हा बैलाशी झटायला लागला.

"काय म्हणला रे ह्यो?" पाटलांनी विचारलं.

"सॉरी म्हणला, पाटील," पुंजाराम हलगीवाला म्हणाला.

"म्हंजी काय?"

"ते मला काय ठाव? म्या वाजवू का थांबू, तेवढं सांगा. तापवलेली हलगी थंडी व्हऊन राह्यली."

पाटील थांबले. त्यांची अडचण खरी होती. मच्छिंद्रनं माफी मागितली असेल तर "असू दे" म्हणून पुढं निघायचं. शिवी दिली असेल तर आधी त्याला झोडपायचं आणि मग निघायचं. पण आपला मान झाला का अपमान, हेच ज्याला कळलं नाही त्यानं काय करावं? तसंच तोरणाखालून गेलं तर उद्या पारावर पोरं म्हणणार, पाटील पाय तुडवून घेऊन गेला. आणि थांबावं तर सूर्य थांबत नव्हता. तोरण दिवस बुडायच्या आत तुटलं पाहिजे, आणि ते ज्याच्या बैलाच्या शिंगानं तुटेल त्याच्या घरी वर्षभराचा मान, ही उंबरखेड्याची जुनी रीत. मान म्हणजे होळीला पहिली पोळी, बैठकीत पहिला लोड, लग्नात पहिलं पान. ह्या तीन वस्तूंवर पाटलांचं घराणं पिढ्यान् पिढ्या जगत आलं होतं. दुसरं काही काम ते करत होतं असं ऐकिवात नाही.

"काय रे ए बूटवाल्या, शिवी दिलीस का मला?"

"न्हाई पाटील! सॉरी म्हणलो."

"तेच इचारून राह्यलो. ते काय असतं?"

"टेसनावर म्हणतेत..." मच्छिंद्र सांगायला लागला, पण भुऱ्यानं हिसका दिला आणि तो बैलाभोवती फिरत पलीकडं गेला.

उर्दू शाळेचे मुन्शीजी मिरवणूक बघायला आले होते. सरकारी पगार खाणारा माणूस म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. मुन्शीजींनी दाढी कुरवाळली. "अंग्रेजी लफ़्ज़ है," ते म्हणाले. "सरकारी कामकाज में नहीं आता." आणि जे सरकारी कामकाजात येत नाही त्याला अर्थ असण्याचं कारण नाही, अशा चेहऱ्यानं ते घरी निघून गेले.

"इंग्रजी ना? मंग मला इचारा की!" गर्दीतून रायभान आबा काठी टेकत पुढं आले. जालन्याला गोऱ्या पलटणीची छावणी होती तेव्हा आबा साहेबांच्या घोड्यांना खरारा करायचे. छावणी उठून जमाना झाला, पण आबांच्या तोंडातून ती अजून उठली नव्हती. "ह्या कानानं ऐकलेला शबुद हाये. सायेब मडमेला म्हणायचा. जेवायला येळ झाला की सॉरी. आन एकदा एका सायबाचं कुत्रं मेलं, तर दुसरा सायेब टोपी काढून त्याला सॉरी म्हणला."

"काहून? त्यानं मारलं व्हतं का कुत्रं?"

"न्हाई बा. कुत्रं आपल्या मौतीनं मेलं."

"मंग त्याचा गुन्हा काय?"

"काहीच न्हाई."

पाटील लाल झाले. "म्हंजे गुन्हा नसला की म्हणायचा शबुद हाये का ह्यो? माझा अंगठा चेपला ह्यो गुन्हाच न्हाई?"

"आईका तर पुरतं! सायेब ह्यो शबुद फकस्त सायेबलोकांत म्हणायचा. बराबरीच्याला. मला त्यानं लाथ घातली, चाबूक वढला, पर सॉरी कव्हाच म्हणला न्हाई. आपल्याला म्हणायचा शबुदच न्हाई त्यो."

"सायबाचं सोडा आबा," पुंजाराम हलगी कुरवाळत म्हणाला. "आपल्या गावात आमच्यावर पाय पडला तर कोण..."

"तू हलगी वाजव," पाटील म्हणाले.

"म्हंजे वाजवू?"

"थांब जरा."

पाटील विचारात पडले. पुंजारामच्या बोलण्यानं नव्हे. तो विचार त्या गावात कुणीच करत नव्हतं, आणि करायला लागले असते तर पोळाच काय, गावगाडाच वेशीत अडकला असता. पाटील विचार करत होते तो साहेबाचा. साहेबानं साहेबालाच म्हणायचा शब्द ह्या पोरानं आपल्याला म्हटला, म्हणजे आपण कोण झालो? त्यांच्या मिशा हळूहळू वर चढल्या. अंगठ्याची कळसुद्धा जरा खानदानी वाटायला लागली.

"वाजव रे पुंजा!"

हलगी कडाडली. राजानं एक पाऊल टाकलं.

"थांबा! थांबा! चुकीचा अर्थ घेऊन राह्यले तुमी!" राधाकिसन कंपौंडर धावत आला. जालन्यात एका दवाखान्यात तो बाटल्या धुवायचा, पण राजूर ओलांडून अलीकडं आला की कंपौंडर व्हायचा. "सॉरी म्हंजे दुखणं. सोअर म्हंजे दुखरी जागा, फोड, जखम. डॉक्टर घशात बत्ती धरतेत आन म्हणतेत, सोअर. त्या सोअरमधूनच निघाली सॉरी."

"म्हंजे ह्यो म्हणला, दुखलं?"

"बराबर."

"कुणाला दुखलं?"

"जो म्हणतो त्याला."

पाटलांनी अंगठ्याकडं पाहिलं. तो वांग्यासारखा फुगून जांभळा झाला होता. "अंगठा माझा फुटला, आन दुखलं बूटवाल्याला?"

हलगी थांबली. पुंजारामला आता विचारावंही लागत नव्हतं.

राधाकिसननं शब्दाचं मूळ बरोबर सांगितलं होतं, ही गोष्ट त्याला श्रेय म्हणून द्यायला हवी. पण मूळ दाखवायच्या नादात झाड उपटणारी माणसं असतात, तसला तो होता. "मनाला दुखलं असंबी धरता यील," तो मागाहून पुटपुटला, पण तोवर कोणी ऐकत नव्हतं.

"मन कुठून आलं मधीच?" पाटील गरजले. "बूट पायात व्हता का मनात? ए मच्छिंद्र! तूच सांग. तुझ्या टेसनावर कोण म्हणतं, कव्हा म्हणतं?"

मच्छिंद्र घामानं निथळत होता. भुऱ्यानं त्याला तोवर इतकं फिरवलं होतं की गावाला तो कधी पाठमोरा दिसायचा, कधी समोरून. "गार्डसायेब म्हणतेत, पाटील. डब्यात जागा नसली की खालच्या पाशिंजराला म्हणतेत, सॉरी. आन झेंडी दाखवतेत."

"मंग पाशिंजर?"

"ऱ्हातो की खालीच."



"म्हंजे जागा न्हाई, तू खाली ऱ्हाय," पाटील सावकाश म्हणाले. "माझ्या वेशीत, माझ्या तोरणाखाली, मला जागा न्हाई?"

मग जो गोंधळ उठला तो विचारू नका. कुणी म्हणालं मान आहे, कुणी म्हणालं दुखणं आहे, कुणी म्हणालं कुत्र्याचं सुतक आहे. आबा आणि राधाकिसन एकमेकांच्या अंगावर गेले. मागच्या बैलांनी पुढच्या बैलांच्या गळ्यातल्या माळा खाऊन टाकल्या. दिवस पार कलला. एका शब्दाला इतके अर्थ असतील तर इंग्रज नवरा-बायको भांडतात तरी कसे, हा प्रश्न एका म्हातारीनं विचारला.

"आरं, जिभेचं काय घेऊन बसलात?" गोजरबाई गर्दीतून ओरडली. "बैलं उपाशी हायेत! पोळ्या पार चामड्यावानी झाल्या!"

पाटलांनी सूर्याकडं पाहिलं. आता उशीर म्हणजे मान गेलाच. ते काठी आपटून म्हणाले, "बस झालं! मला तुमची इंग्रजी बिलकुल नको. आपल्या रीतीनं व्हऊ द्या. मच्छिंद्र, वाक!"

"वाकतो की पाटील. मघाशीच वाकलो असतो. पर ह्ये बघा ना," मच्छिंद्रनं दोन्ही मुठी पुढं केल्या. दोन्हींत कासरा आवळलेला होता. "हात अडकले व्हते. म्हणून तर तोंडानं म्हणलो."

एवढी साधी गोष्ट होती. ती एवढ्या वेळात त्याला एकानंही विचारली नव्हती. शब्दाचं खानदान तपासत बसलेल्या माणसांना समोरच्याचे हात दिसत नाहीत.

"बहाणे नको! हात रिकामे कर आन वाक. ज्याचे हात रिकामे त्यानं वाकायचं, हीच रीत हाये!"

"कुणी कासरा धरता का?" मच्छिंद्रनं चहूकडं पाहिलं. कुणी पुढं आलं नाही. गोजरबाईचा बैल धरणं म्हणजे पाटलाविरुद्ध उभं राहणं; सगळ्यांना एकदम आपापला बैल आवरायचं काम आठवलं.

"पाटील, भुऱ्या लई बुजतो, मी काय म्हणतो..."

"सोड म्हणतो ना! जल्दी!"

मच्छिंद्रनं कासरा सोडला. तो कमरेत वाकला, सुजलेल्या अंगठ्याला अलगद हात लावला, तो हात कपाळाला लावला. बघणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. पाटलांनी छाती भरून श्वास घेतला, गावाकडं पाहिलं, मिशीला पीळ दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "असू दे!" आणि मग पुंजारामकडं वळून, "आता वाजव, जोरात!"

पुंजाराम कधीचा तुंबून राहिला होता. हलगी अशी कडाडली की चिंचेवरची वटवाघळं उठली. भुऱ्या मागच्या दोन्ही पायांवर उठला, फिरला, राजाच्या नाकासमोरून सुसाट सुटला आणि तोरणाखालून पार झाला. आंब्याची पानं त्याच्या शिंगांवर बाशिंगासारखी लटकली होती. मागोमाग सूर्य बुडाला.

राजा बैल तुटक्या सुतळीकडं बघत रवंथ करत होता.

"तोरण तुटलं," पुंजाराम म्हणाला. "मान गोजरबाईचा!" आणि ह्या खेपेला कुणाला न विचारता तो वाजवायला लागला. गोजरबाई पदर खोचून बैलामागं पळाली, ती रडत होती का हसत होती हे धुळीत दिसलं नाही. मच्छिंद्र पाटलांकडं वळला, त्याचं तोंड उघडलं, "सॉ..." एवढ्यात रायभान आबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

पाटील लंगडत घरी आले. राजाचा कासरा सालगड्याच्या हाती होता. दारात द्वारकाबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. बातमी आधीच पोचली होती. उंबरखेड्यात बातमी बैलाच्या पुढं चालते. ह्या उंबऱ्यावर त्यांच्या सासूनं मानाचा पहिला बैल ओवाळला होता, सासूच्या सासूनं ओवाळला होता. आज पहिल्यांदा ताटातला दिवा दुसऱ्या नंबराच्या बैलाची वाट बघत विझत आला होता.

पाटील मान खाली घालून उंबरा चढले. फुटका अंगठा उंबऱ्याला ठेचला, तोल गेला आणि त्यांची टाच द्वारकाबाईंच्या पायावर पडली.

"सॉरी," पाटलांच्या तोंडून निघून गेलं.

निघालं आणि पाटील जागच्या जागी थिजले. जेवायला उशीर झाला होता. घरात काहीतरी मेलं होतं. पुढं जागा मिळाली नव्हती. दुखत तर इतकं होतं की सांगायची सोय नाही. वेशीत ज्या अर्थांवर डोकी फुटायची वेळ आली ते सगळेच्या सगळे खरे होते, आणि एकदम खरे होते. पाटलांना तो शब्द पुरता कळला. फक्त तो बायकोला कसा समजावावा, ते कळेना.

द्वारकाबाईंनी ताट कोनाड्यात ठेवलं. पदर सावरला. नवऱ्याला पायापासून फेट्यापर्यंत निरखलं.

"हातात कासरा हाये का तुमच्या?"

पाटलांनी दोन्ही हातांकडं पाहिलं. "न्हाई."

"मंग वाका."