शाळेशी सोयरीक

वळ गावात धोंडूबाईसारखी सोयरिकी जमवणारी बाई झाली नाही आणि होणार नाही! हे दुसऱ्या कोणी म्हटलेलं नाही, ती स्वतःच सांगते. पण आहे खरं. मुलगी ओटीवरून आत येताना पाऊल कसं टाकते, एवढ्यावरून धोंडूबाई तिच्या हातच्या भाकरीची चव सांगायची. धाकटी सून तर तिने नुसत्या खोकल्यावरून पसंत केली होती! स्वतःची शाळा दुसरीतच सुटलेली. का सुटली म्हणून कोणी विचारलं तर म्हणायची, "मास्तराला माझं बोलणं झेपंना."

म्हणूनच तिच्या थोरल्याने, केसरीनाथने, शाळेची बातमी आणली त्या दिवशी ती जराही डगमगली नाही. केसरीनाथचे धामणकर नाक्याला कापड विणायचे लूम होते. अंबाडीच्या रस्त्याला टेकडीवर इंटरनॅशनल शाळा निघाली होती. देशोदेशीच्या साहेबांची पोरं तिथे शिकणार, आणि थोड्या जागा आसपासच्या गावांना. केसरीनाथला आपली मैना तिथे घालायची होती.

"परीक्षा कवा हाय?" धोंडूबाईने विचारलं.

"परीक्षा न्हाय गो आये. मोठी मॅडम पोरीला बघते, घरच्यांना बघते, दोन शब्द बोलते. पसंत पडली तर घेते."

धोंडूबाईने मिशेरीचं बोट तोंडातून काढलं.

"बघते? पसंत करते? मंग सोयरीक हाय म्हणून सरळ सांग ना! तू आपले लूम सांभाळ. ही पोरगी मी उजवते!"

दुपारपर्यंत सगळ्या वळला कळलं की धोंडूबाईची नात साहेबाच्या शाळेत चालली. शेजारची गोदू कुंपणावरून म्हणाली, "घेतील का गो तिला?"

"न घेऊन जातील कुठं? नात कोणाची हाय?"

अडचण एकच होती. नात खरोखरच धोंडूबाईची होती! वीज गेली की केसरीनाथचे लूम बंद पडायचे. सहा वर्षांच्या मैनाचं तोंड कशानेच बंद पडत नव्हतं. धोंडूबाईने तिला समोर बसवून धडे सुरू केले.

"मान खाली. विचारल्याबिगर बोलायचं न्हाय. बोललीस तर हळू. खायला दिलं तर दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. हावरी दिसू नको."

"आणि तिसऱ्यांदा विचारलंच न्हाय तर?"

"विचारतात! घरंदाज माणसं तीनदा विचारतात."

ठरल्या दिवशी ताग्यांचा टेम्पो रिकामा करून वऱ्हाड निघालं. धोंडूबाई नवं लुगडं नेसून पुढे, टेम्पो चालवणाऱ्या केसरीनाथशेजारी. मागे मैना, धोंडूबाईची बहीण आक्का आणि कडक टोपी घातलेले दीर रामनाथ. वडीलधारी माणसं नसली तर सोयरीक ठरते कशी? आणि रिकाम्या हाताने सोयरिकीला जातं कोण? म्हणून रामनाथांच्या मांडीवर खाडीतल्या जिवंत चिंबोऱ्यांची, चांगल्या मोठ्या खेकड्यांची, पाटी होती. प्रत्येकीच्या नांग्या त्यांनी स्वतः बांधल्या होत्या.

"माझी गाठ सुटली तर मिशी उतरवीन!" रामनाथ म्हणाले.

मोठी मॅडम गोरी, पिकल्या केसांची, आणि हिंदी मात्र आपल्या लूमवाल्यांपेक्षा साफ! दारातलं लटांबर पाहून ती दचकली.

"इतने लोग?"

"ये तो थोडे हैं," धोंडूबाई म्हणाली. "बाकी का टेम्पो में नहीं समाया."

पाटी कोपऱ्यात ठेवून सगळे बसले. खोलीत रंग होते, लाकडी ठोकळे होते, एक झुलता घोडा होता. मॅडम म्हणाली, "जाओ बेटी, खेलो." मैनाची मान खाली. "चित्र बनाओगी?" मान आणखी खाली. मॅडमने क्रीमच्या बिस्किटांची बशी पुढे केली.

"नहीं," मैना जमिनीला म्हणाली.

"एक तो लो?"

"नहीं."

मॅडमने हसून बशी उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. मैनाची मान खालीच होती, पण डोळे बशीबरोबर कपाटावर चढले!

"ये बात नहीं करती?"

"बिलकुल नहीं!" धोंडूबाईची छाती फुगली. "बडे लोग के सामने आवाज नहीं. कोने में बिठाओ तो शाम तक बैठेगी. गाय है, गाय!"

मॅडमचा चेहरा उतरला. "हमें तो बोलनेवाले बच्चे चाहिए. सवाल पूछनेवाले. अच्छा, हम सोचकर बताएँगे."

सोचकर बताएँगे! 'विचार करून कळवतो' हे धोंडूबाईने आजवर कितीतरी पोरींच्या बापांना सांगितलं होतं. त्याचा अर्थ तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार? आक्काने लगेच डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. खर्र... खर्र...

रामनाथांनी पाटीकडे पाहिलं आणि हात आपोआप मिशीवर गेला. पाटी रिकामी! एक चिंबोरी नांगी उगारून थेट मॅडमच्या सँडलकडे चालली होती. बाकीच्या तिच्या मागे, सगळ्या जणू शाळेत नाव घालायला निघालेल्या! मॅडम किंचाळून खुर्चीवर चढली. केसरीनाथ दुसऱ्या खुर्चीवर. आक्का झुलत्या घोड्यावर!

आणि मग मैनाची मान वर झाली.

"मॅडम, पाव उपर! हिलना नहीं! आजे, लुगडं आवर, मधी येतंय! आणि रामनाथआजा, ही काय गाठ हाय? लाज आणलीस!"

तिने मागून अल्लद पकडून पहिली चिंबोरी उचलली आणि मॅडमच्या नाकापुढे धरली. "ये मादी है. पेट देखो, चौडा है ना? नर का पतला रहता. पीछे से पकडने का, तो काटती नहीं. तुम्हारे गाव में खाडी है? नहीं? फिर तुम लोग खाते क्या?"

बोलता बोलता पाटी भरली. मग पोरीने स्टूल ओढलं, कपाटावरची बशी काढली आणि मॅडमपुढे धरली.

"अब तीसरी बार पूछो!"

मॅडम खुर्चीवर उभ्याउभ्याच हसत सुटली. हसू आवरेना! "बिस्किट लोगी?"

"हाँ!"

"ये लडकी हमें चाहिए," डोळे पुसत मॅडम म्हणाली. "एक ही जगह बची है. सोमवार से भेजिए."

इथे दुसरी कोणीही बाई हात जोडून हो म्हणाली असती. पण पोरीची बाजू पहिल्या शब्दाला हो म्हणते का कुठे? धोंडूबाईने पदर सावरला.

"हम सोचकर बताएँगे."

"आये!" केसरीनाथ खुर्चीवरूनच ओरडला.

"तू गप! लगेच हो म्हटलं तर किंमत ऱ्हात न्हाय. बघ, मॅडम सोता नारळ घेऊन वळला येते का न्हाय!"

मॅडम आली नाही. धोंडूबाई रोज ओटीवर बसून रस्ता न्याहाळायची. टेम्पो यायचे, म्हशी यायच्या, नारळ घेतलेली मॅडम काही दिसेना. सोमवार तोंडावर आला.

"कवा जाते गो मैना?" गोदूने कुंपणावरून विचारलं.

"आम्हीच अजून हो म्हटलं न्हाय!"

"बरं झालं," गोदू म्हणाली. "मंग उद्या माझ्या नातवाला, पंढरीला, दाखवून आणते. जागा रिकामी दिसते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने धोंडूबाई निघाली. वऱ्हाड नाही, पाटी नाही, फक्त मैना. टेकडी चढताना मैना थांबली.

"आजे, मान खाली. विचारल्याबिगर बोलायचं न्हाय. बोललीस तर हळू."

जी मान सासऱ्यापुढेही कधी वाकली नव्हती, ती मॅडमच्या दारात वाकली. "मॅडम," धोंडूबाई हळूच म्हणाली, "हमारा हाँ है."

जागा अजून होती! परत येताना पहिल्याच वळणावर मान पुन्हा जागेवर आली, आणि संध्याकाळी कुंपणापाशी तर आवाजही.

"मॅडम काय सोडतेय! चहा पाजला, क्रीमची बिस्किटं पुढं केली. हात जोडले तिनं, तवा कुठं मी हो म्हटलं!"

"क्रीमचं बिस्किट?" गोदूने विचारलं. "कसं लागतं गो?"

रीतीप्रमाणे धोंडूबाईने दोनदा नको म्हटलं होतं.

"मैनाला विचार," ती म्हणाली आणि आत निघून गेली.