हा एक्स कोण?

सप्रेबाईंसमोर प्रोग्रॅम ठेवला, की त्या आधी त्यातली नावं वाचत. तो चालतो की नाही, हे नंतर. कुठे नुसता एक्स दिसला तर चष्मा कपाळावर चढवून विचारत, "हा एक्स कोण? कुणाचा?"

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पिंपरीतल्या आमच्या कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि कामगारांचा पगार त्याच्यावर काढायचा होता. प्रोग्रॅम लिहायला आम्ही तिघं-चौघं, बाई आमच्या वरिष्ठ. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक आकड्याला नाव द्यावं लागतं. बाईंचा दंडक असा, की तास असतील तर नाव 'टी'ने सुरू करायचं, रुपये असतील तर 'आर'ने, आणि पुढे सरळ हजेरी, रजा, ओव्हरटाइम. आमच्यातल्या देशमुखने एका बेरजेला आवडत्या नटीचं नाव दिलं. बाईंनी गंभीरपणे विचारलं, ही तास आहे की रुपये? देशमुखने नटीचं नाव खोडलं.

प्रोग्रॅम मशीनला द्यायचा तो कार्डांवर भोकं पाडून. लांब नावांमुळे ही कार्डं पंच करणाऱ्या मुली वैतागत. मग नवे मॅनेजर आले आणि त्यांनी हुकूम काढला, की नावं एका अक्षराची ठेवा, वेळ वाचेल. बाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि उद्यापासून तुम्हाला नुसतं 'म' म्हटलं तर चालेल का, असं विचारून आल्या. साहेबांनी हुकूम मागे घेतला नाही. बाईंनी नावं बदलली नाहीत. पंचिंगच्या रांगेत त्यांचं काम तळाला जाऊ लागलं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मशीनवर बसून, एकेका बोटाने, त्या स्वतःच कार्डं पंच करू लागल्या.

देशमुखने बोनसचा प्रोग्रॅम हुकमाप्रमाणे एकेका अक्षरात लिहिला आणि तो आखाती देशात नोकरीला निघून गेला. दिवाळीच्या तोंडावर बोनसचा हिशोब बदलला. कुठलं अक्षर म्हणजे काय, कुणालाच कळेना. साहेब बाईंच्या टेबलाशी आले.

"माणसांना नावं ठेवायला सगळ्यांना वेळ असतो," बाई म्हणाल्या, "आकड्यांना ठेवायला नसतो. द्या इकडे."

एकेक अक्षर पारखून त्यांनी सगळ्यांची नावं ठेवली. बोनस दिवाळीआधी वाटला गेला. हुकमाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला मुलगी झाली. मला बहीण नाही, त्यामुळे बारशाला आत्या कुठून आणायची, असा आईला प्रश्न पडला. मी बाईंना विचारलं. त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग किती वाजता यायचं, एवढंच त्यांनी विचारलं.

चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. बाईंनी पाळण्यावर वाकून मुलीच्या कानात नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी हसत त्यांच्या पाठीत धपाटे घातले. तरी त्या सरळ होईनात. आईने खांद्याला हात लावला, तेव्हा हळूच म्हणाल्या, "नागपूरला माझ्या भावाला मुलं आहेत. लग्न न करता नोकरी धरली म्हणून एकाही बारशाला त्याने मला बोलावलं नाही."

आईने मुलीला पाळण्यातून उचललं आणि बाईंच्या मांडीवर दिलं.

पंगत उठली तरी बाई आत जेवायला आल्या नाहीत. आईने त्यांचं ताट तिथेच नेऊन ठेवलं. ते गार होत गेलं. मुलगी जागी होईल म्हणून बाईंनी हात हलवला नाही.