सावधान, हे वाहन थांबते

एका मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वजनमापे तपासनिसांची बावीस वर्षांची जुनी गाडी शाळेजवळच्या चौकात ब्रेक दाबल्यापासून चौदा मीटरांवर थांबली. नियमाप्रमाणे ती दहा मीटरांवर थांबायला हवी होती. मधल्या चार मीटरांमध्ये एका आजोबांची काठी होती. आजोबा वेळीच मागे सरकले, काठीला ते जमलं नाही.

तपासनिसांनी खाली उतरून आधी आजोबांची माफी मागितली आणि मग खिशातून टेप काढून अंतर मोजलं. त्याला ते काय करणार, पेशाच तसा होता. पंचवीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले होते आणि किलोला पाच ग्रॅम कमी भरणारं माप कधी सोडलं नव्हतं. आता स्वतःचीच गाडी मापात बसत नाही म्हटल्यावर त्यांना मनापासून लाज वाटली. शिवाय एक तारखेपासून हीच गाडी लेक चालवणार होती. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी लागली होती आणि लायसन्स हातात पडून जेमतेम महिना झाला होता.

"तिच्या हातात गाडी द्यायची तर आधी ब्रेक," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले.

"अहो, मी सीट कव्हरांचं म्हणत होते," बायको म्हणाली. मग तिने त्यांच्या हातातली मोडकी काठी पाहिली आणि सीट कव्हरांचा विषय पुन्हा निघाला नाही.

गॅरेजवाल्याने चारही चाकं उतरवली आणि आत डोकावून पाहिलं.

"साहेब, ही गाडी इतके दिवस थांबत होती ती केवळ स्वतःच्या चांगुलपणाने. पुढे याच कंपनीच्या मोठ्या गाडीच्या डिस्क टाकू. मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क. पाइप सगळे नवे. मग बघा."

तीन दिवसांनी तपासनिसांनी रिकाम्या रस्त्यावर जाऊन पाहिलं. गाडी आठ मीटरांवर थांबली. त्यांनी दोनदा मोजलं. परत येताना ते स्वतःशीच गुणगुणत होते, कारण लेकीसाठी आपण एक काम तरी चोख केलं असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकात दिवा लाल झाला. तपासनिसांनी ब्रेक दाबला आणि गाडी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबली. मागून येणारी दुधाची व्हॅन त्यांच्या डिकीत थांबली.

"अहो, थांबायचं होतं तर आधी सांगायचं ना!" व्हॅनवाला ओरडला.

"दिवा लाल आहे."

"लाल आहे हो, दिसतोय की. पण तुम्ही थांबाल हे कुणाच्या स्वप्नात आलं?"

दहा दिवसांत चार गाड्या येऊन आदळल्या. चौथी ड्रायव्हिंग स्कूलची होती. तिच्यातला शिक्षक उतरला, तपासनिसांकडे बोट दाखवून शिकाऊ बाईंना म्हणाला, "नीट बघून घ्या. रस्त्यावर अशीही माणसं असतात."

मग परिवहन कार्यालयाची नोटीस आली. 'आपले वाहन वारंवार थांबत असल्याचे या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. सबब आपणाविरुद्ध कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा.' तपासनीस स्वतः अशा नोटिसा आयुष्यभर पाठवत आले होते, त्यामुळे त्यांना वाचताना मजकुरातलं काहीच खटकलं नाही. अर्थ मात्र खटकला.

निरीक्षक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि फाइल उघडली.

"थांबण्याला आमची हरकत नाही," ते म्हणाले. "सगळ्यांच्या आधी थांबण्याला आहे."

"पण साहेब, नियम दहा मीटरचा आहे."

"आहेच. त्याला कुणी हात लावलेला नाही. पण आम्ही गेल्या वर्षी पाहणी केली. या शहरातली गाडी सरासरी चौदा मीटरांवर थांबते. तुम्ही आठवर थांबता. उरलेले सहा मीटर मागच्याने कुठे जायचं?"

"मग मागच्याचे ब्रेक तपासा ना. तराजू चुकत असेल तर आम्ही तराजू दुरुस्त करायला लावतो."

"बरोबर. पण समजा, तुमच्या सगळ्या बाजारात एकच तराजू खरा निघाला, तर रोज भांडणं कुणाच्या दुकानात होतील?"

निरीक्षकांनी एक अर्ज पुढे सरकवला. त्या चौकातून रोज गाडीने जाणाऱ्यांनी तो केला होता. एका इसमाच्या थांबण्यामुळे आम्हां सर्वांना थांबावे लागते, अशी तक्रार होती आणि खाली दोनशे चौदा सह्या होत्या. तपासनिसांनी त्या सवयीने सगळ्या वाचल्या.

तूर्त आदेश असा निघाला, की तपासनिसांनी गाडीच्या मागे ठळक अक्षरांत पाटी लावावी: 'सावधान, हे वाहन थांबते.'

"हे काय!" पाटी पाहून लेक म्हणाली. "बाबा, मी ही गाडी घेऊन ऑफिसात जायचं?"

"तुझ्या सुरक्षिततेसाठीच आहे गं."

पाटीचा परिणाम लगेच दिसला. मागचे लोक आता आदळेनासे झाले. पाटी वाचली की ते वेग वाढवायचे आणि डावीउजवीकडून पुढे निघून जायचे. इकडे आजोबा नवी काठी घेऊन चौकात यायचे, तपासनिसांची गाडी थांबलेली पाहून निर्धास्त रस्त्यात उतरायचे आणि मग दोन्ही बाजूंनी सुटलेल्या गाड्यांमध्ये सापडायचे. तिसऱ्या दिवशी दुसरी काठीही गेली. आजोबा तिथून तडक परिवहन कार्यालयात गेले.

"यांचा हेतू चांगला आहे हो," दुसऱ्या सुनावणीत त्यांनी तपासनिसांसमोरच साक्ष दिली. "पण कुणीच थांबत नव्हतं तेव्हा मी आपला जीव मुठीत धरून, चारही बाजू बघून जायचो. हे थांबायला लागले आणि माझी सवय मोडली. आता माणसाने कुणावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही."

या साक्षीने प्रकरण निकालात निघाले. थांबणारे वाहन पादचाऱ्यांच्या मनात थांबण्याविषयी गैरसमज निर्माण करते, असे निरीक्षकांनी नोंदवले. महिनाअखेरपर्यंत ब्रेक शहराच्या सरासरीवर आणून तपासणी करून घ्यावी, अन्यथा वाहन जप्त होईल, असा अंतिम आदेश झाला. तपासनिसांनी त्याखाली 'आदेश मिळाला' असं लिहून सही केली. सरकारी शिक्क्याशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती, आणि एक तारीख आठवड्यावर आली होती.

"म्हणजे नेमकं काय करायचं?" गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं. "साहेब, ब्रेक खराब करून द्या असं सांगणारं तुम्ही पहिलंच गिऱ्हाईक. बाकीच्यांचे आपोआप होतात."

नवे ड्रम बसवून भागणार नव्हतं, नव्या ड्रमने गाडी दहावरच थांबली असती. गॅरेजवाल्याने मागच्या भंगारात शोधून जुनेच ड्रम, जुन्याच डिस्क बाहेर काढल्या आणि होत्या तिथे बसवल्या. तपासणीच्या रस्त्यावर गाडी साडेतेरा मीटरांवर थांबली. निरीक्षकांनी खेदाने मान हलवली.

"अर्धा मीटर आधी. असं कसं चालेल?"

गॅरेजवाल्याने मागच्या चाकांत दोन बोटं तेल लावलं. गाडी बरोबर चौदावर थांबली. निरीक्षकांनी तपासनिसांचं अभिनंदन केलं आणि काचेवर प्रमाणपत्र चिकटवलं. मागची पाटी काढायला परवानगी मिळाली.

"लावून घेतलात ना शिक्का?" घरी बायको म्हणाली. "आता त्या शिक्क्यालाच सांगा गाडी थांबवायला."

एक तारखेला सकाळी लेकीने आरसा नीट केला, पट्टा लावला आणि खिडकीतून विचारलं, "बाबा, ब्रेक चांगले आहेत ना?"

पंचवीस वर्षांत तपासनिसांनी एकही खोटं माप पास केलं नव्हतं.

"प्रमाणित आहेत," ते म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. "तू दहा मिनिटांनी नीघ. आणि हळू चालव." असं म्हणून ते पायीच चौकाकडे निघाले, जवळजवळ धावतच.

चौकात आजोबा तिसरी काठी घेऊन उभे होते. तपासनिसांनी त्यांचा दंड घट्ट धरला. दिवा लाल झाला. लेकीने अगदी शिकवल्याप्रमाणे, वेळेवर, पाय पूर्ण दाबून ब्रेक लावला. गाडी पांढरी रेषा ओलांडून, पट्टे ओलांडून, त्या दोघांच्या पुढ्यातून संथपणे गेली आणि चौदा मीटरांवर थांबली. गाडीत ती पांढरीफटक पडली होती. मागून मात्र कुणीही आदळलं नाही. सगळी वाहतूक एका मापात चालली होती.

तेव्हापासून तपासनीस रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्या चौकात टेप घेऊन उभे असतात. शाळा पलीकडे आहे आणि गाडी लावायला जागा अलीकडे, त्यामुळे तुम्हीही कधीतरी पोराचा हात धरून तिथे येताच. ते तुम्हाला अदबीने चार मीटर मागे उभं राहायला सांगतील. तसं उभं राहा. ते तुम्हाला ओळखतात, पण एका शब्दानेही बोलणार नाहीत. अर्जावरची एकशे एकोणनव्वदावी सही तुमची आहे. ती तुम्ही गाडीत बसून केली होती.