साडेसहा फुटांचा बाज

आमचे आबा कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून बघत. घर कुणाचंही असो. यजमान "बसा, बसा" म्हणत असताना आबा खुर्चीचे चारही पाय छताकडे करून तिच्या पोटाशी वाकत, अंगठ्याने सांधे चाचपत, आणि मग एक तर बसत, नाहीतर "खिळा" एवढंच म्हणून जमिनीवर मांडी घालत.

आबा म्हणजे माझे आजोबा. फौजेत, इंजिनिअर पलटणीत ते सुतार होते. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं. लाकडाला खाच पाडून त्यात दुसरं लाकूड नीट बसवणारी ती सांधेवाली, आणि घाईघाईने खिळा ठोकून मोकळी होणारी ती खिळेवाली. हे वर्गीकरण सुतारांपुरतं नव्हतं. गावचे सरपंच खिळेवाले होते. माझ्या तालुक्याच्या कॉलेजचे प्राचार्य सांधेवाले. एकदा माझ्या मॅनेजरसाहेबांनी नव्या फ्लॅटवर चहाला बोलावलं. त्यांनी नुकताच परदेशी पद्धतीचा डायनिंग सेट घेतला होता. मॅडम ट्रे घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या नव्या खुर्चीचे पाय वर होते. परतताना आबा मला समजावत होते की साहेब मनाने चांगले आहेत, खुर्चीवरून माणसाला जोखू नये, मी नोकरी सोडायची काही गरज नाही. मी नोकरी सोडायचं म्हटलंच नव्हतं.

लढाईबद्दल विचारलं तर ते एवढंच सांगत, "देवदार होता. पण ओला." शत्रू कुठे होता, गोळीबार किती झाला, काही पत्ता लागत नसे. पूल बांधायला ओलं लाकूड मिळालं, ही त्यांच्या दृष्टीने त्या लढाईतली मुख्य घटना होती.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आबांच्या पेन्शनवर बी.कॉम. झालो. निकाल लागल्यापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ग्रॅज्युएट, मीठ दे." "ग्रॅज्युएट, नळ चालू राहिलाय." यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे मला कधीच कळलं नाही. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, आता कळण्याचा मार्गही नाही.

आजी गेल्यावर मी त्यांना गुडगावला आणलं. तेव्हा सगळे गुडगावच म्हणत. आमच्या सोसायटीच्या एका बाजूला सरसोंची शेतं होती, दुसऱ्या बाजूला इंग्रजी नावांच्या इमारती उगवत होत्या. मी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघायचो. सकाळी कंपनीची बस घेऊन जायची, संध्याकाळी आणून सोडायची. आबा एक पिशवी आणि हत्यारांची पेटी घेऊन आले आणि त्यांनी बाल्कनीचा ताबा घेतला.

त्या वेळी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. पण तिची आई आमच्या लग्नाआधीच गेली होती. एसटीडी बूथवरून तिने भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ये की, बघू कसं जमतंय ते." त्यानंतर मी तिकीट काढू का विचारलं की सुनंदा "काढा की" म्हणायची आणि आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. तिची बॅग कपाटावरच राहिली.

नेमकं तेव्हाच आबांनी लाकूड आणायला सांगितलं. चांगलं शिसम. कशासाठी, ते सांगितलं नाही.

खाली खुराना साहेब राहत, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. करोल बागेत त्यांचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. कबुतरं हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता. साऱ्या बाल्कन्या कबुतरांनी घाण केल्या होत्या. ठोकाठोक ऐकून ते एकदा वर आले आणि त्यांनी विचारलं, "बाऊजी, क्या बन रहा है?"

आबा म्हणाले, "बाज."

खुराना साहेब खूश झाले. एकदम असली दिसेल ना, असं त्यांनी विचारलं. असलीच आहे, असं आबांनी सांगितलं. केवढा? साडेसहा फूट. खुराना साहेबांनी बाल्कनीची उंची नजरेने मोजली. मग त्यांनी आदराने विचारलं की गच्चीवर बसवणार का.

"छत पे कायको?" आबा म्हणाले. "कमरे में. बहू सोएगी उस पे."

संध्याकाळी मी बसमधून उतरलो तर खुराना साहेब गेटपाशी उभेच. खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं. "बेटा, बुरा मत मानना. बाऊजी को किसी डॉक्टर को दिखाया है? माताजी के जाने के बाद होता है ऐसा." मग त्यांनी साडेसहा फुटी बाजाची, म्हणजे ससाण्याची, हकीकत सांगितली.

मी घाबरून जिने चढलो. आबा बाल्कनीत रंधा मारत होते. कसं विचारावं कळेना. शेवटी, कबुतरांचा त्रास होतो का, असं विचारलं. ते म्हणाले, कबुतरांनी काय केलंय?

"मग तो बाज कशाला, आबा?"

"तो नाही रे. ती. ती बाज."

मी खाली बघितलं. चार पाय, दोन लांब पट्ट्या, बाजूला सुंभाच्या दोरीची गुंडाळी. आमच्याकडे बाळंतिणीला निजायला बाज लागते, खाली शेगडी ठेवून शेकता येतं अशी. पण उलगडा झाला आणि गोंधळ वाढला. मी म्हटलं, सुनंदा तर माहेरी जाणार आहे.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

आबांनी रंधा खाली ठेवला. "तुझ्या बापाच्या वेळेला मी सरहद्दीवर होतो. तुझ्या आजीलापण आई नव्हती. भावजयीच्या घरी भुईवर बाळंत झाली, गोणपाटावर. सुताराची बायको. रजेवर गेलो की बाज करीन म्हटलं होतं. गेलो तेव्हा पोरगं चालत होतं." थोडा वेळ ते लाकडावरून हात फिरवत राहिले. "कधी बोलून नाही दाखवलं तिनं. हीपण नाही दाखवायची."

सुनंदा दारात आली होती. ती हळूच म्हणाली, "पण आबा, बाळाला न्हाऊ घालायला, मला शेकायला कोण आहे इथे?"

ते खुरानाच्या म्हातारीला विचारून आलोय, असं आबा म्हणाले. ही म्हातारी म्हणजे खुराना साहेबांची आई. सगळे तिला बीजी म्हणत. आबांचं हिंदी आठवून मला धडकी भरली. मी विचारलं, काय सांगितलंत बीजींना?

"सांगितलं, हमारे पोरी को आई नहीं. ती विचारते, कौन नहीं आई? म्हटलं, आई. ती परत विचारते, अरे कौन नहीं आई? म्हटलं, आई, आई नहीं."

"मग समजलं त्यांना?"

"समजलं असणार," आबा म्हणाले. "रडायला लागली."

बीजींनी न्हाऊ घालायला, शेकायला यायचं कबूल केलं, आणि पुढच्या रविवारी बाज विणून झाली. सुनंदाने सांगितलं म्हणून मी एसटीडी बूथवर जाऊन तिच्या भावाला कळवून आलो, की ती येत नाही. त्याने फार आग्रह केला नाही. परत आलो तेव्हा भर दुपार होती. आबा खोलीच्या उंबऱ्यावर पहाऱ्याला बसल्यासारखे बसले होते. आत सुनंदा बाजेवर एका कुशीवर गाढ झोपली होती. बाळाला अजून दोन महिने अवकाश होता.

मी काही बोलणार, तेवढ्यात आबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"चपला काढ, ग्रॅज्युएट," ते कुजबुजले. "पोरगी माहेरी आलीय."

मी चपला हातात घेतल्या आणि जेवण वाढून घ्यायला स्वयंपाकघरात गेलो.