महापौरांच्या तारतखान्याच्या किल्लीची मोहीम

मिसिसिपी महानदी जेथे मोठे वळण घेते, त्या नगरीच्या महापौरगादीची हकीकत सादर ऐसीजे. पहिले महापौर यांनी दलदलीत कचेरी बांधिली, ती खचली. दुसरे यांनी ती उपसून पुन्हा उभी केली. तिसरे यांनी डासांस हद्दपारीचा हुकूम फर्माविला, तो डासांनी मानिला नाही. आणि चौथे यांनी नगराची सोनेरी मुलाम्याची किल्ली घडविली, हातभर लांब, जीस जगात कुलूप नाही. मग वहिवाट पडली की, कार्निव्हलच्या मंगळवारी महापौरांनी जुन्या कचेरीसमोर मंचावर उभे राहून मिरवणुकीच्या राजास ती किल्ली नजर करावी, आणि प्रत्येक मंडळाचा रथ येता त्याच्या नावे पेला उचलावा. मागे एक महापौर नाक शिंकरावयास मंचामागे गेले, तेवढ्यात एक मंडळ पेल्यावाचून निघून गेले, आणि पुढील निवडणुकीत ते महापौर पार बुडाले.

ऐसियास गादीवर श्रीमंत ऑक्टेव्ह तेरियो असता, त्यांचे दिमतीस अर्नेस्टीनबाई बातिस्त कारभारीण होत्या. तीन महापौर निस्तरून चौथ्यास लागलेल्या, बहुत बाणेदार. परंतु त्या कार्निव्हलच्या मंगळवारी बाईंच्या जांभळ्या पोशाखास शिंप्याने खिसा ठेविला नव्हता. जुन्या कचेरीत तारतखाना, ज्यास हल्ली संडास म्हणतात, एकच, आणि त्याची किल्लीही एकच. आणि कार्निव्हलच्या दिवशी त्या रस्त्यावर संडासाचे मोल सिंहासनाहून अधिक. सबब बाईंनी विचार केला की, लहान किल्ली हरवेल, मोठी कोण हरवितो? आणि तारतखान्याची किल्ली सोनेरी किल्लीच्या फितीस गाठ मारून बांधिली.

होणार ते चुकत नाही. श्रीमंतांनी कासवमंडळाच्या राजास फितीसकट सारे नजर केले, राजाचा रथ पुढे गेला, आणि मग श्रीमंतांनी पेल्यावर पेले रिचविले. दोन प्रहरी ते या पायावरून त्या पायावर येऊ लागले.

“मिस अर्नेस्टीन,” लोकांकडे हात हलवत, हसू न मोडता ते म्हणाले, “किल्ली द्या बरं.”

“ती राजाकडे गेली, साहेब.”

“ती नव्हे, लहान!”

“दोन्ही गेल्या.”

“मग दार तोडा!”

“पुरातन वास्तू आहे. खिळा मारायलासुद्धा समितीची परवानगी लागते. समिती तुम्हीच नेमलीत.”

इतक्यात खबर आली की, मागून येणाऱ्या पेलिकनमंडळाचा रथ ओढणारा ट्रॅक्टर बंद पडला. तो सुरू होईतो मंच सोडिला तरी अब्रू शाबूत; सुरू जाहला की गादी गेली. बाईंनी मनाशी म्हटले, तीन महापौर सांभाळले, आणि चौथा आपल्या एका गाठीने बुडतो! मग त्यांनी पोशाखाचा घोळ वर खोचिला आणि मोहिमेवर कूच केले.

रस्त्याच्या दोहों बाजूंस शिड्यांचा तट. शिडीच्या माथ्यावर पेटी ठोकून पोरे बसवावी, ऐसी तेथील चाल.

“ए बाई, मागं हो! आम्ही पहाटेपासून उभे आहोत.”

“मी महापौरांच्या कचेरीतून आलेय!”

“अस्सं? मी पोपची मेहुणी. मागं हो!”

तथापि बाईंनी कोपरांचा मारा करून तट फोडिला आणि राजाचा रथ गाठिला. “महाराज, किल्ली टाका!” ऐसे त्या ओरडल्या; परंतु रथावरून माळा उधळाव्या आणि लोकांनी झेलाव्या ही तेथील रीत, सबब भोवताली अवघा मुलूखच “टाका, टाका” ओरडत होता, आणि राजाने उदार होऊन त्यांच्या अंगावर मण्यांच्या माळा टाकिल्या. माळांनी बाईंची मान वाकली. मग शेवटले अस्त्र काढिले.

“क्लोव्हिस! तुझ्या आईशेजारी चर्चमध्ये मी बसते! सांगू का तिला काय काय ढोसलंस ते?”

राजा, जो इतर दिवशी बर्फाची यंत्रे दुरुस्त करीत असे, मुखवट्याआड पांढरा पडला आणि त्याने फितीसकट किल्ली भिरकाविली. ती अर्नेस्टीनबाईंच्या डोक्यावरून गेली आणि एका शिडीवर बसलेल्या ओडीलबाईंच्या ओटीत पडली. ओडीलबाई म्हणजे ऐंशी वर्षांची विधवा, तरी तेथील रीतीने मानाची ‘मिस’, आणि त्या कोपऱ्याची खरी सत्ताधीश.

“मिस ओडील, ती कचेरीची आहे हो, द्या ना.”

“झेललं ते ज्याचं त्याचं. विचार त्या पोलिसाला.”

पोलिसाने टोपी काढून रुकार दिला. तेव्हा अर्नेस्टीनबाई शिडीवर चढल्या आणि लहान किल्ली काय उघडते हे त्यांनी म्हातारीच्या कानात सांगितले. ओडीलबाईंचा चेहरा पालटला. त्या उजाडल्यापासून तेथे बसून होत्या.

“देते. पण आधी मी.”

“अहो, महापौर तिथे तळमळतायत!”

“पन्नाशीचा ना तो? माझ्या वयाला आला की कळेल त्याला तळमळ.”

तह जाहला. ओडीलबाई किल्ली उगारून निघाल्या, आणि जो तट अर्नेस्टीनबाईंस फोडावा लागला, तो आपसूक दुभंगला. श्रीमंत तारतखान्याच्या दारापाशी गुडघे जुळवून उभे होते. म्हातारीस पाहून क्षणभर त्यांची मुद्रा रडवेली जाहली, मग दार धरून म्हणाले, “तुम्ही आधी, मिस ओडील.”

आतून गाणे ऐकू येऊ लागले. गाण्यास कडवी बहुत होती. भिंतीवरील तसबिरींतून आजवरचे सारे महापौर पाहात राहिले. ओडीलबाई बाहेर आल्या, श्रीमंत बाणासारखे आत गेले, आणि त्याच घडीस ट्रॅक्टर सुरू होऊन पेलिकनमंडळाची वाजंत्री जवळ आली.

“मेले मी,” अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. “पेला कोण उचलणार?”

“आण इकडे,” ओडीलबाई म्हणाल्या. “आता माझ्या पोटात भरपूर जागा झालीय.”

आणि मंचावर चढून, एका हाती सोनेरी किल्ली, दुसऱ्या हाती पेला, त्या गरजल्या, “या रे पोरांनो! तुमचा महापौर योग्य जागी बसलाय, आणि म्हातारीला आधी जाऊ दिलंन्!” तेव्हा ऐसा जयघोष जाहला की, पेलिकनमंडळाने रथ थांबवून पुन्हा सलामी दिली. श्रीमंत पट्टा सावरीत बाहेर आले, तो त्यांच्या नावाचा गजर चाललेला.

येणेप्रमाणे गादी राहिली. निवडणुकीत श्रीमंत पुन्हा निवडून आले. म्हातारीस वाट देणारा म्हणून त्यांची कीर्ती जाहली. लहान किल्ली ओडीलबाईंनी धुऊन परत केली. मोठी दिली नाही, ती त्यांच्या चुलीवर टांगली आहे, कारण झेलले ते ज्याचे त्याचे. कचेरीने दुसरी घडविली. अर्नेस्टीनबाई यांनी तेव्हापासून प्रत्येक पोशाखास खिसा लावविला. आणि कार्निव्हलच्या मंगळवारी तारतखान्याचे दार उघडावे ते प्रथम ओडीलबाईंसाठी, मग गादीवर कोणीही असो, ऐसे कलम कायम जाहले. मोहीम फत्ते, नगरीची अब्रू कोरडी राहिली.